पावणेदोनचं मध्यंतर

इंदूरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात प्रत्येक जण एकच विचारतो, ‘सराफ्यात काय काय खाल्लंस?’ मी खरं ते सांगतो. काही नाही. मी सराफ्यात गेलो तो भर दुपारी, राजवाड्यापासून वाट विचारत, घामाघूम होऊन. दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाद्या, काचेची कपाटं आणि सोनं. एका पेढीवरच्या गृहस्थांना विचारलं, खाण्याच्या गाड्या कुठे आहेत? त्यांनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. ‘भिया, वो तो दुकानें बंद होने के बाद. अभी तो यहाँ अंगूठी मिलेगी.’ मी दोन ग्लास पाणी पिऊन परत फिरलो. माझं हे असंच होतं. जगाला ठाऊक असलेली वेळ मला ठाऊक नसते.

वेळेचा विषय आधीच काढला, कारण हे सगळं वर्णन एका वेळेचंच आहे. पावणेदोनचं.

मी इंदूरला गेलो होतो माझा सिनेमा घेऊन. म्हणजे खरोखरच घेऊन. सात गोल डबे, एका लोखंडी पेटीत, आणि पेटी माझ्या बर्थखाली. सिनेमाचं नाव ‘छाता वापस’. नंदू नावाचा तरुण मुलगी बघायला जातो. पोहे होतात, चहा होतो. मुलीला पुढे शिकायचं असतं, ती पाच मिनिटांत नाही म्हणते. नंदू उठतो आणि छत्री तिथेच विसरतो, तीही मे महिन्यात. मुलीचा थोरला भाऊ केशव ती परत द्यायला जातो, गप्पा मारतो आणि छत्री काखेत तशीच घेऊन घरी येतो. म्हणून पुन्हा जातो. मग नंदू न्यायला येतो आणि न घेताच जातो. छत्री मालकाच्या घरी पोचेपर्यंत दोन तास दहा मिनिटं जातात आणि तोवर नंदू आणि केशव एकमेकांच्या पुरते प्रेमात पडलेले असतात. कुणी मरत नाही. शेवट गोड होतो.

या गोड शेवटानेच घात केला होता. एका वितरकाने मला चहा पाजून समजावलं, ‘साहेब, विषय नवा आहे, हरकत नाही. शेवटी दोघांपैकी एकाला मारा. लोक समजून घेतील.’ मी म्हटलं, ‘विनोदी सिनेमा आहे हो.’ तो म्हणाला, ‘म्हणून तर म्हणतो.’ पुण्या-मुंबईतल्या लहान सभागृहांत सिनेमा दाखवून झाला होता. शहाणी माणसं टाळ्या वाजवत, नंतर खुर्च्या गोल करून चर्चा करत. मला चर्चा नको होती. मला शिट्टी हवी होती. तिकीट काढून आलेल्या, तोंडात काहीतरी चघळणाऱ्या, पडद्याशी मोठ्याने बोलणाऱ्या माणसांना ही गोष्ट आवडते का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. कारण त्या गोष्टीतला नंदू बराचसा मी आहे. केशवचं खरं नाव शिरीष. तो बँकेत आहे आणि आम्ही नऊ वर्षं एका घरात राहतो.

बुधवार, रामबाग

इंदूरला माझा सदुमामा. मामी गेल्यापासून एकटाच असतो. तीस वर्षं एका कापडाच्या मिलमध्ये टाइमकीपर होता. कोण आत आलं, कोण उशिरा आलं, हे बघायचं आणि पाळीच्या वेळी भोंगा वाजवायचा. मिल बंद पडली, भोंगा गप्प झाला, पण मामाच्या मनगटावरचं घड्याळ काही गप्प झालं नाही. मी दारात पेटी टेकवली तेव्हा त्याने आधी घड्याळ बघितलं, मग मला.

‘चौदा मिनिट लेट आहेस. गाडी लेट की तू लेट?’

‘रिक्षावाला चुकला, मामा.’

‘पता नीट सांगायचा नी. चल, हात-मुँह धुऊन घे. तिवारीजीला मी बोलून ठेवलंय. अपन उद्या जाऊ.’

तिवारीजी मिलसमोरच्या थिएटरचे मॅनेजर. बाकी सगळ्यांनी नाही म्हटल्यावर मी मामाला सहज पत्रात लिहिलं होतं, आणि या माणसाने स्वतः जाऊन माझ्या सिनेमासाठी शुक्रवारचा दुपारचा एक खेळ मागून घेतला होता. सिनेमा कशाबद्दल आहे हे त्याने विचारलं नव्हतं आणि मी लिहिलं नव्हतं. पुणेरी भिडस्तपणा म्हणा किंवा सरळ भित्रेपणा म्हणा.

गुरुवार, परदेशीपुरा

मामाचा गुरुवारचा उपवास. सकाळी तो मला कोपऱ्यावरच्या गाडीवर साबूदाण्याची खिचडी खायला घेऊन गेला. आपल्याकडे खिचडी म्हणजे घरचा खाऊ, दाण्याचं कूट, दह्याची वाटी, थोडं सोवळं वातावरण. इथे वाफेच्या पातेल्यातून मोकळे, पांढरे साबूदाणे निघाले, त्यावर मिरची, लिंबू, कसलासा तिखट मसाला, आणि वर मूठभर शेव.

‘मामा, उपवासाला शेव?’

‘बटाट्याची आहे.’

‘वाटत तर बेसनाची आहे.’

‘विनू, इंदूरमध्ये शेव कोणी गिनत नाही,’ मामा म्हणाला आणि आणखी थोडी घालून घेतली.

पोह्यांचंही तेच. आपले पोहे फोडणीत परततात. इथले वाफेवर फुगतात, शेवेखाली दडतात आणि सोबत जिलेबी येते. मुलगी बघायच्या कार्यक्रमात आपण पोहे देतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे कोरडे का असतात, ते मला इंदूरला कळलं. जिलेबी नसते.

खाऊन आम्ही मिलवर गेलो. मोठ्या फाटकाला कुलूप, कुलपाला गंज, आत कमरेइतकं वाळलेलं गवत. ज्या भिंतीजवळून पाळी सुटल्यावर हजारो माणसं जात, तिच्यावर आता नव्या मोटरसायकलींच्या आणि थंड पेयांच्या जाहिराती रंगवल्या होत्या. फाटकाशेजारच्या टपरीत एसटीडी बूथ. मामा फाटकापाशी थांबला, गजांतून त्याने वर छपरावरच्या भोंग्याकडे पाहिलं आणि मग पाठ फिरवून समोरचं थिएटर दाखवलं. त्याचं खरं नाव पाटीवरून उडालेलं. लोक त्याला भोंगा टॉकीज म्हणतात.

त्या नावामागची पद्धत मामाने मला सांगितली आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. मिलची पाळी दोनला बदलायची. पावणेदोनला पहिला भोंगा व्हायचा. दोनला आत जाणारे कामगार साडेबाराच्या खेळाला येत, पावणेदोनपर्यंत बघत आणि मग कामावर पळत. दोनला सुटणारे उरलेला खेळ बघायला येत. दोघांत मिळून एक तिकीट. म्हणून या थिएटरात मध्यंतर सिनेमा ठरवत नसे, भोंगा ठरवत असे. पडद्यावर काहीही चाललेलं असो, पावणेदोन वाजले की दिवे लागत. बाहेर जाणाऱ्याला दाराशी एक गुलाबी पुठ्ठ्याचा पास मिळे. तो पास तो फाटकाशी आपल्या जोडीदाराच्या हातात ठेवी. घरी गेल्यावर एकाने पहिला अर्धा सांगायचा, दुसऱ्याने दुसरा.

‘माझी दोनची पाळी, जोडी गेंदालालसोबत,’ मामा म्हणाला. ‘साचे खात्यातला विणकर. वीस साल. पहिला हाफ माझा, दुसरा त्याचा.’

‘आणि दोघांनी मिळून कधी बघितला?’

मामाने जरा विचार केला. ‘टाइमच जुळला नाही.’

मला वाटलं ही जुनी हकिकत आहे. नव्हती. मिल बंद होऊन वर्षं झाली तरी मध्यंतर पावणेदोनलाच होत होतं. भोंगा गेला, म्हणून आता थिएटरातल्या दाराजवळची घंटा वाजते. ती सदुमामा वाजवतो. ऑपरेटर इस्माईलभाई वर केबिनमध्ये घंटा ऐकतात आणि खेळ थांबवतात. बाहेरचा कचोरीवाला त्याच हिशोबाने कढई चढवतो. कुणालाही कुठल्याही पाळीला जायचं नाही, तरी पास अजून वाटले जातात आणि भाऊ भावाला, शेजारी शेजाऱ्याला अर्धा सिनेमा देतो.

हे ऐकताना माझ्या मनात यायला हवं होतं की माझ्या सिनेमाचं मध्यंतर मी मोठ्या मेहनतीने एका विशिष्ट जागी ठेवलं आहे. नाही आलं. मी कौतुकात बुडालो होतो.

तिवारीजी ऑफिसात पंख्याखाली बसले होते. किरकोळ अंगाचे, पान खाणारे, मोजकं बोलणारे. त्यांनी अट एका दमात सांगितली. ‘देखो भिया, कल एक शो. इंटरवल के बाद पब्लिक बैठी तो पूरा हफ्ता लगा दूँगा. नी बैठी तो शनिवार को आपकी पेटी आपके साथ.’

‘बसले की नाही ते कसं ठरवणार?’ मी विचारलं.

ते उठले, मला खिडकीशी घेऊन गेले आणि खाली कचोरीवाल्यासमोरची जमीन दाखवली. ‘पिच्चर पिट जाती है ना, तो लोग पास किसी को देते भी नहीं. यहीं फेंक देते हैं. ज़मीन गुलाबी हो जाती है.’ गेल्या शुक्रवारी झाली होती, असंही त्यांनी सांगितलं. एका मोठ्या नटाचा सिनेमा होता.

बाहेर पोस्टर रंगवून झालं होतं. पेंटरला नायिका कोण ते कळेना, म्हणून त्याने नंदूला आणि केशवला छत्रीच्या दोन टोकांना लहान करून मध्ये बहिणीला चांगली दहा फुटांची काढली होती. ती सिनेमात पंधरा मिनिटं आहे. पण त्या पोस्टरकडे पाहता पाहता माझी भीड चेपली. मामाला हे उद्या अंधारात, परक्या माणसांच्या मधोमध कळू नये असं वाटलं. मी मिलच्या फाटकापाशीच त्याला सांगितलं. सिनेमा दोन मुलांच्या प्रेमाचा आहे. ते माझं आणि शिरीषचं आहे. तो माझा खोलीतला मित्र नाही, मामा, मी त्याच्यासोबत संसार करतो.

चाळिशीचा माणूस मी. आणि फाटकाच्या कुलपावरचा गंज नखाने खरवडत उभा होतो.

मामाने घड्याळ बघितलं. त्याला काही सुचलं नाही की तो घड्याळ बघतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मग म्हणाला, ‘पिच्चर बघतो. मग बोलतो.’

‘पूर्ण बघशील?’

‘पहिला हाफ माझा,’ तो म्हणाला. ‘दुसरा गेंदालालचा. नेहमीसारखं.’

नंदू आणि केशव एकत्र येतात ते दुसऱ्या भागात. मामा तोवर बाहेर गेलेला असणार होता. तिवारीजींचा आठवडा एकीकडे आणि हे एकीकडे. त्या दिवशी मला दुसऱ्याचीच धास्ती जास्त होती. एसटीडी बूथवरून शिरीषला फोन केला. ‘मामाला सांगितलं.’ ‘काय म्हणाला?’ ‘घड्याळ बघितलं.’ पलीकडून शिरीष बराच वेळ हसला, आणि मला बरं वाटलं.

शुक्रवार, भोंगा टॉकीज

साडेबाराला थिएटर निम्मंअधिक भरलं होतं. पुष्कळसे मिलमधलेच, आता कुणी ठेला लावणारे, कुणी पहारेकरी, कुणी नुसतेच. काही बायका, मुलं. सांवेरहून बाजाराला आलेले चार शेतकरी, पायाशी पिशव्या ठेवून. मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा राहिलो. मामा दारालगतच्या त्याच्या खुर्चीवर, घंटा हाताशी.

नंदूने छत्री घेऊन घरात पाऊल टाकताच तिसऱ्या रांगेतून आवाज आला, ‘अबे, मई में छाता!’ थिएटर हसलं. मीही हसलो, कारण हे वाक्य मी लिहायला हवं होतं. दहा फुटी बहीण पाच मिनिटांत नकार देऊन अभ्यासाला बसली तेव्हा कुरकूर झाली. ‘हीरोइन गई?’ ‘आएगी, आएगी.’ केशव छत्री द्यायला निघाला. नंदूच्या आईने पोहे दिले, केशवने खाल्ले, नंदू बोलत राहिला, केशव ऐकत राहिला. तिसरी रांग म्हणाली, ‘ये छाता ले के ही लौटेगा, लिख के ले लो.’ आणि केशव जिना उतरला, छत्री काखेत. काय हशा झाला! एवढ्या माणसांना एकदम हसताना मी त्याआधी माझ्यामुळे कधी ऐकलं नव्हतं.

सगळं गोडगोड होतं असं नाही. केशवने नंदूच्या शर्टाला लागलेला चुना पुसला आणि हात जरा जास्त वेळ तिथे राहिला, तेव्हा कुणीतरी घाणेरडा शेरा मारला. दोघं-तिघं फिदीफिदी हसले. पुढच्याच क्षणाला एका बाईचा खणखणीत आवाज आला, ‘चुप रे, सुनने दे.’ मग तो गप्प राहिला. मी ती बाई कोण ते अंधारात शोधलं, पण दिसली नाही.

पुढचा अर्धा तास मी नुसता हशा मोजत होतो. आता तो प्रसंग आला. जिन्यावर नंदू आणि केशव. छत्री दोघांच्या मध्ये. केशव म्हणतो, लो, आज तो ले ही लो. नंदू हात पुढे करतो, मागे घेतो. ‘केशवजी, मुझे छाता नहीं चाहिए. मुझे तो...’

घंटा खणखणली.

पडदा काळा झाला, दिवे लागले. मामा उभा होता, एक हात घंटेवर, डोळे घड्याळावर. पावणेदोन. माझं मध्यंतर याच्या सात मिनिटं पुढे होतं. नंदूने वाक्य पूर्ण केल्यावर, केशवने उत्तर दिल्यावर, बहीण दारात येऊन उभी राहिल्यावर. मी ती मध्यंतराची जागा शिरीषशी आठवडाभर भांडून ठरवली होती. आणि इथे माझ्या सख्ख्या मामाने ती वाक्याच्या मधोमध उडवली.

लोक उठले आणि निघाले. सगळेच्या सगळे. दाराशी गुलाबी पास हातोहात जात होते. मामाही निघाला, माझ्याकडे न बघता. रिकाम्या खुर्च्यांमध्ये मी एकटाच उभा राहिलो. संपलं, असं मला वाटलं. अर्धं वाक्य ऐकून माणसं घरी गेली. उद्या पेटी बर्थखाली. मग विचार केला की निदान डोळ्यांनी बघू, आणि बाहेर आलो. आधी जमिनीकडे पाहिलं.

जमीन मातकट होती. तिच्यावर एकही पास नव्हता.

मान वर केली तर कचोरीच्या कढईभोवती सभा भरली होती. ‘क्या बोलेगा वो?’ ‘छाता माँगेगा, और क्या.’ ‘अरे नी यार, छाता तो बहाना है, तेको दिखता नी क्या?’ एक जण हातातल्या कचोरीने पडदा दाखवत होता. ‘वो बोल देता, टाइमबाबू ने घंटी बजा दी.’ मामाला सगळे टाइमबाबू म्हणतात. ज्या बाईने गप्प केलं होतं ती मला आवाजावरून ओळखता आली. मध्यम वयाची, पदर खोचलेली. ती शेजारणीला सांगत होती, ‘माँ को सब पता है. नहीं तो तीसरी बार पोहे में काजू क्यों डाले?’ काजू आमच्याकडे कलाविभागाच्या पोराने हौसेने घातले होते. मला लिहिताना हे सुचलं नव्हतं, आणि आता वाटतं, तिचंच बरोबर असेल.

फाटकाशी खरी धमाल होती. दुसऱ्या अर्ध्यासाठी आलेले भाऊ, मेहुणे, शेजारी नेहमीसारखे हात पुढे करून उभे होते आणि त्यांना कुणी पास देत नव्हतं.

‘ला, पास दे.’

‘आज नी. आज अपन पूरी देखेंगे.’

‘अरे! घर पे सुना देना, बोल के गया था तू!’

‘नी सुनाऊँगा. टिकट ले और आ जा.’

तिकीटखिडकीवरचा माणूस खिडकी बंद करून डबा उघडून बसला होता. मध्यंतराला तिकीट काढायला कोण येणार? लोक खिडकी ठोठावायला लागले. तिवारीजी धावत आले, पान थुंकले आणि ओरडले, ‘खोल रे, खिडकी खोल!’ आजवर त्या थिएटरात दुसऱ्या भागाला नवी तिकिटं गेली नव्हती. त्या दिवशी गेली.

त्या गर्दीत मी मामाला शोधत होतो. तो फाटकाच्या खांबापाशी होता. समोर एक उंच, वाळलेला म्हातारा, डोक्याला गमछा. भाजीचा ठेला बाजूला लावून आला होता. गेंदालाल. त्याने हात पुढे केला.

‘लाओ, टाइमबाबू.’

मामाचा हात खिशावर होता. तो तसाच राहिला.

‘आज नहीं, गेंदालाल. आज तू टिकट ले ले.’

‘क्यों? ऐसा क्या है पिच्चर में?’

मामाने मला पाहिलं. त्याने घड्याळ बघितलं नाही. माझ्याकडे बघतच तो म्हणाला, ‘घर की बात है.’

मी पटकन कचोरीवाल्याकडे तोंड फिरवलं. त्याने न मागता एक कचोरी दिली आणि म्हणाला, ‘तीखी लगी क्या भिया?’ मी हो म्हटलं. अजून खाल्ली नव्हती.

दोनला पाच मिनिटं असताना थिएटर साडेबारापेक्षा जास्त भरलं. काही जण पायऱ्यांवर बसले. मामा आणि गेंदालाल वीस वर्षांत पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले. गेंदालालला पहिला भाग ठाऊक नव्हता, तेव्हा मामा त्याला सबंध थिएटरला ऐकू जाईल अशा बेताने समजावत होता. ‘ये केशव. ये नंदू. छाता इसका है.’ ‘तो दे क्यों नी देता?’ ‘अरे तू देख ना!’

नंदू पुन्हा जिन्यावर आला. ‘मुझे तो...’ थिएटर एकदम चिडीचूप झालं. ‘मुझे तो आप चाहिए.’

मग तिसऱ्या रांगेतून शिट्टी आली. लांबलचक, दोन बोटं तोंडात घालून मारलेली. तिच्यावर दुसरी, मग टाळ्या, मग कुणीतरी ‘बोल दिया रे!’ म्हणून ओरडलं, आणि मी मागच्या भिंतीला टेकून सरळ रडलो. नऊ वर्षांपूर्वी शिरीषला मी हेच वाक्य एका जिन्यावर, इकडेतिकडे बघून, कुजबुजत म्हटलं होतं. इथे ते भरल्या थिएटरात म्हटलं गेलं आणि लोकांनी शिट्टी मारली. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

सात मिनिटांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘मध्यांतर’ असं झळकलं. थिएटर कोसळलं हसून. ‘अब क्या कचोरी दुबारा खाएँ?’ मामाने मान वळवून माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने पाहिलं. मी हात जोडले. कुणीही जागचं हललं नाही.

खेळ सुटल्यावर तिवारीजी मला पुन्हा खिडकीशी घेऊन गेले. कचोरीवाला कढई पुसत होता, जमीन स्वच्छ होती. ‘हफ्ता लगा दिया,’ ते म्हणाले. ‘अगले का भी देखते हैं.’ मग त्यांनी पेंटरला हाक मारून पोस्टरवरची बहीण लहान करायला सांगितली. इस्माईलभाई केबिनमधून खाली आले होते. ते मोठ्या अदबीने म्हणाले, ‘साहब, गलती हो गई. कल से इंटरवल आपकी जगह पे कर दूँ?’

मी म्हटलं, ‘नको. पावणेदोनलाच ठेवा.’

मामा शेजारी उभा होता. ‘पावणेदोनच बराबर आहे,’ तो म्हणाला. ‘मी पहिलेच सांगितलं असतं.’

शनिवार, स्टेशन

मामा ‘मग बोलतो’ म्हणाला होता, ते बोलला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळभर तो गेंदालालशी नंदूच्या आईबद्दल वाद घालत राहिला. गेंदालालचं मत, काजू आईनेच घातले. शनिवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली, स्टेशन आलं, गाडीही आली. पेटी या वेळी बर्थखाली नव्हती, ती इस्माईलभाईंच्या केबिनमध्ये होती, आणि हलक्या हाताने गाडीत चढताना मला राजा झाल्यासारखं वाटत होतं. तरी एक गोष्ट राहिली होती, म्हणून मी दाराशीच उभा राहिलो.

मामाने घड्याळ बघितलं. मग काखेतली त्याची काळी, लाकडी मुठीची छत्री काढून माझ्या हातात दिली. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

‘ही शिरीषला दे,’ तो म्हणाला. ‘आणि त्याला सांग, परत करायला स्वतः ये.’

गाडी हलली. मी नुसती छत्री वर करून हलवत राहिलो. प्लॅटफॉर्मवरचे लोक बघत होते.

मागच्या महिन्यात शिरीष इंदूरला जाऊन आला. चार दिवस राहिला. मामाने त्याला सराफ्यात बरोबर वेळेला नेलं, शेव न गिनता खायला घातली, भोंगा टॉकीजमध्ये गेंदालालच्या शेजारी बसवलं. मी त्याला स्टेशनवर आणायला गेलो. तो हसत उतरला. एका हातात बॅग, एका हातात मामाने दिलेला शेवेचा पुडा, आणि काखेत छत्री.

आता पुन्हा जावं लागणार.